‘लो-पॉवर’ म्हणजे कमजोर काय?

पऱ्हाटी: यवतमाळकडच्या एका खेड्यात मी सेवा केंद्र चालवते. नवा लॅपटॉप घ्यायचा होता. तालुक्याच्या दुकानातल्या पत्रकावर ‘लो-पॉवर प्रोसेसर’ वाचून सासरे म्हणाले, “पॉवरच कमी हाये त घेतं काऊन?” आता दुकानदारानं तेच पत्रक मला मराठीत करायला दिलंय. ‘कमी शक्तीचा’ लिहिलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. परफॉर्मन्सलाही लोक ‘कार्यक्षमता’ म्हणतात, एफिशियन्सीलाही. मग काय ‘कार्यक्षमता बेताची, पण कार्यक्षमता उत्तम’ असं लिहू?

जुना मास्तर: घोळ शब्दातच आहे. ‘क्षम’ म्हणजे समर्थ. कार्यक्षम म्हणजे काम करू शकणारा. त्या कामापायी किती खाल्लं, याचा त्या शब्दात पत्ताच नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकानं एफिशियन्सीसाठी तो ठरवून घेतला, पण बोलताना तो परफॉर्मन्सकडे घसरतो. हिंदीत ‘ऊर्जा दक्षता’ चालतं. आपल्याकडे दक्ष म्हटलं की कवायत आठवते, दक्षता म्हटलं की समिती. परफॉर्मन्सला ‘कामगिरी’ पुरे. दुसऱ्यासाठी आमच्या गावात ‘काटक’ म्हणतात. बैल दिसायला बारका, वैरण कमी, पण दिवसभर डवऱ्याला जुंपला तरी बसत नाही.

वायंडिंगवाला: काटक बरोबर नाई गुरुजी. काटक म्हंजे टिकणारा. इथं हिशोब पायजे, किती खाल्लं न् किती केलं. आमी गाडीले इचारतो, ‘ॲव्हरेज काय देते?’ थोच शब्द घ्या. आन् ५ एचपीची मोटर ३ एचपीपेक्षा वाईट असते असं कोन म्हनते? कमी वेळात वावर भिजवते, बंद होते.

मूळ गाव दर्यापूर: दादांनी नेमकं दुखणं धरलं. वॅट हा वीज खाण्याचा वेग आहे, खाल्लेली वीज नव्हे. समजा, एका चिपनं, म्हणजे प्रोसेसरनं, ६ वॅट घेऊन काम १० सेकंदांत केलं, तर ६० ज्यूल (खाल्लेल्या विजेचं माप) गेले. दुसरीनं १५ वॅट घेऊन ३ सेकंदांत उरकलं, तर ४५. म्हणजे ‘लो-पॉवर’ चिपनंच जास्त खाल्लं! उलटंही होतं. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगाची किंमत फार पडते. मोटारसायकल ऐंशीनं पळवली की ॲव्हरेज पडतं, तसंच. म्हणून २०२० च्या ॲपल एम१ चिपमध्ये चार दांडगे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार कमी खाणारे अशी जोडी आहे. इंटेलच्या एन१०० मध्ये चारही कोअर कमी खाणारे. ताई, पत्रकावरची चिप कोणती?

पऱ्हाटी: हीच, एन१००. ६ वॅट लिहिलंय.

मूळ गाव दर्यापूर: तो आकडा मुळात उष्णतेचा, थंड करणाऱ्या व्यवस्थेनं किती उष्णता बाहेर टाकावी याचा. विजेच्या बिलाचा नाही. बिनपंख्याचं यंत्र असेल तर मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत ते आपणहून वेग उतरवतं. त्या थ्रॉटलिंगला शब्द सुचवा कोणी.

वायंडिंगवाला: दम खाते.

जुना मास्तर: वा! याच्यापुढे संस्कृत घडवायची गरज नाही. एक मात्र सांगतो, ‘वीजबचत’ लिहू नका. लॅपटॉप बंद ठेवला तरी बचतच होते.

पऱ्हाटी: शेवटी लिहिलं: ‘कमी वीज खाणारी चिप. अर्ज, टायपिंग, व्हिडिओ क्लास यांपुरती कामगिरी. ॲव्हरेज चांगलं. फार तापल्यास दम खाते.’ सासऱ्यांना वाचून दाखवलं. लगेच म्हणाले, “ॲव्हरेज समजलं. टाकी केवढी हाये?” आता बॅटरीच्या मापाला, वॅट-अवरला, शब्द शोधणं आलं!

वायंडिंगवाला: टाकीच ल्याहा. ४० वॅट-अवरची टाकी, आखं यंत्र ८ वॅट खात असन त ५ तास. लाइन तवरिक आली त आली.