बाबांचं क्रिएटिनिन गोळ्यांनी वाढलं का? किडनीचा आजार, स्टेज ३बी आहे

मीनल_के
बाबा ६४ वर्षांचे, १५ वर्षांपासून शुगर आणि बीपी. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी चालली की वाढतो) १.८ आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४१, डॉक्टर म्हणाले स्टेज ३बी आणि टेल्मिसार्टन (बीपीची गोळी), डापाग्लिफ्लोझिन (शुगरची गोळी) सुरू केलं. तीन आठवड्यांनी परत तपासलं तर क्रिएटिनिन २.०! बाबांनी गोळ्याच बंद केल्यात, म्हणतात यांनीच किडनी जातेय. नातेवाईक आत्तापासून डायलिसिसचं बोलायला लागलेत, मला तर रात्र रात्र झोप नाही. कोणाला अनुभव आहे का?

साधा_माणूस
ताई आधी घाबरू नका, आईच्या वेळी सेम झालेलं. या दोन्ही गोळ्या किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं आणि पुढे तोच कमी झालेला दाब किडनी वाचवतो. पहिल्या महिन्यात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, तुमच्याकडे ११ टक्केच आहे. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर मात्र लगेच दाखवायचं. पण मनाने बंद करणं चूक झालं, उद्याच फोन करा. हां, उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं तर काही दिवस थांबवायला सांगतात, ते कधी कसं हेही विचारून ठेवा. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रोटीन) तपासणी झालीय का? नुसत्या क्रिएटिनिनवर अर्धंच कळतं, प्रोटीन किती जातंय त्यावर पुढचा वेग ठरतो.

फिस्टुलावाला
मी स्वतः डायलिसिसवर आहे म्हणून सांगतो, ३बी म्हणजे डायलिसिस नाही. ईजीएफआर १५ च्या खाली गेला की स्टेज ५, आणि तिथेही त्रास किती होतोय ते बघून सुरू करतात. तुमच्या स्टेजला खरं काम बीपी, शुगर, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, सिगरेट असेल तर बंद. प्रोटीन पार तोडू नका, वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठीक असतं. पोटॅशियमचं पथ्यपाणी रिपोर्ट वाढलेला असेल तरच. माझी चूक सांगतो, स्टेज ४ ला, म्हणजे ३० च्या खाली गेल्यावर, हातातल्या फिस्टुलाचं (डायलिसिससाठी शीर धमनीला जोडतात ते) आणि ट्रान्सप्लांटचं बोलणं व्हायला हवं होतं, मी टाळत राहिलो. फिस्टुला तयार व्हायला दोन-तीन महिने जातात, तेवढा वेळच उरला नाही आणि मानेत कॅथेटरची नळी टाकून घाईत सुरुवात झाली, वर इन्फेक्शन. बाबांच्या ज्या हाताचा वापर कमी त्या हाताच्या शिरा आत्तापासून जपा, रक्त शक्यतो मनगटापासून खांद्यापर्यंतच्या शिरांतून काढू देऊ नका, तळहाताच्या मागून घ्यायला सांगा.

साधा_माणूस
आणि पेनकिलर! त्यांनीही किडनीला मार बसतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे घेतात का बाबा?

मीनल_के
दादा तुम्ही विचारलंत म्हणून बाबांना विचारलं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आठवड्यातून तीन-चारदा घेतात, स्वतःच आणून, डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही. लघवीची तपासणीही झालेली नाही. उद्या सकाळी फोन करते, गोळ्यांची सगळी पाकिटं समोर घेऊन बसते.