शिरोळचं रान खारवलं, खापर आज्यावर?

कृष्णाकाठ:
"म्हाताऱ्यांनी पाणी दिसेल तसं सोडलं, आमच्या वाटणीला मीठ फुटलेलं रान आलं," असं कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातली पोरं आता उघड बोलतात. मला ते पटतं. काळी जमीन पाणी लवकर खाली सोडत नाही. वर्षानुवर्षं सऱ्या तुडुंब भरल्या की भूजल मुळीपर्यंत चढतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार माथ्यावर राहतात. उसावर ऊस, मध्ये ना हरभरा ना ताग. केलं कुणी हे?

पाटकरी:
अहो, पण का केलं तेही बघा की. पाणीपट्टी एकरावर, किती पाणी घेतलं त्यावर नाही. पंपाचं बिल तेव्हा हॉर्सपॉवरवर. लाईट रात्रीची. मग स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच, लावायचा आणि झोपायचं. बांध फुटला तरी मोटर पहाटेपर्यंत चालूच. 1972चा दुष्काळ बघितलेल्या माणसाला "पाणी कमी द्या" म्हणून कोण सांगणार होतं? ऑटो आजही निघालेला नाही. नातू मोबाईलवरून मोटर सुरू करतो, एवढाच फरक.

कृष्णाकाठ:
बरं, चूक तेव्हाची सोडून देऊ. दुरुस्तीला आडवं कोण येतं? सातबारा आज्याच्या नावावर, म्हणजे रानातलं खारं पाणी जमिनीखालून बाहेर काढणाऱ्या निचऱ्याच्या पाईपला कर्ज काढायचं तर सही त्याची. जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप करायचं तर सगळ्या हिस्सेदारांची संमती पाहिजे, आत्यांसकट. "मी हाय तोवर राहू दे" म्हटलं की विषय मिटला. चाळिशीचा गडी घरात अजून 'पोरगा'च.

चोपण:
भांडा निवांत, आधी माती तपासा. 0-30, 30-60, 60-90 सेंमी असे तीन थर, तीन वेगळ्या पिशव्या. क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (pH) 8.5च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. तिथं जिप्सम म्हणजे पोती वाया. क्षार पाण्यानं धुऊन खाली काढावे लागतात. सामू 8.5च्या वर, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम 15 टक्क्यांच्या वर, तर चोपण. जिप्सम तिथं, तेही निचरा असला तरच.
पाईप सच्छिद्र, वर जाळी गुंडाळलेली, साधारण मीटर-सव्वा मीटर खोल. दोन ओळींतलं अंतर मातीच्या पोतावर ठरतं. उतार एकसारखा लागतो. मध्ये कुठं पोट पडलं की गाळ बसतो आणि मागची अख्खी ओळ तुंबते. पुरानंतर ओढ्याकडचं तोंड मोकळं करायचं लोक हमखास विसरतात.

पाटकरी:
आणि ओढा प्रत्येकाच्या बांधाला नसतो. पाईप खालच्या तिघा-चौघांच्या रानातून जाणार, म्हणून हे काम गटानंच होतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं तसं झालंय. सगळे सातबारे म्हाताऱ्यांच्या नावावर म्हणता ना? मग ते पाईप बिनसहीचे गेले काय?

कृष्णाकाठ:
हा मुद्दा घेतो. पण पाईप पडले आणि वरून पाणी तेवढंच सोडलं तर?

चोपण:
तर खत पाईपवाटे ओढ्यात. पहिल्या पावसाळ्यात बांध घालून पावसाचं पाणी मुरवा, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, 45 दिवसांनी गाडा, मग उसाची लागण.

कृष्णाकाठ:
म्हणजे तेवढे दिवस रानात ऊस नाही. हे आज्याला कोण सांगणार?

पाटकरी:
आज्याचं ऱ्हाऊ दे. कारखान्यात उसाची नोंद घालायला नातूच आधी पळतोय, त्याला सांगा.