सहा जणांच्या कंपनीत सातवी, आणि एकटीच डिझायनर: जावं का?

मात्रावेलांटी

नमस्कार मंडळी. पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत मी चार वर्षं यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे स्क्रीन वापरायला सोप्या करणारी. पगार १४ लाख. या चार वर्षांत अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे दाव्यांचे फॉर्म केले. ते फॉर्म भरणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्याच्या आणि माझ्या मध्ये तीन मॅनेजर आणि एक पीपीटी उभी आहे.

आता बाणेरच्या एका स्टार्टअपची ऑफर आलीय. सहा माणसं. द्राक्ष बागायतदारांसाठी अ‍ॅप करतायत: कोणती फवारणी कधी केली, त्यानंतर किती दिवस तोडणी करायची नाही, याची नोंद. पगार ९ लाख आणि अर्धा टक्का ईएसओपी, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. घराचा हप्ता नाही, आईबाबांना पेन्शन आहे. आई म्हणते, "चालती नोकरी सोडून द्राक्षं विकायला निघालीस."

माझं मत सरळ आहे: डिझायनरने तिशीच्या आत एकदा तरी अशा ठिकाणी काम करावं. घरं मुक्कामाला भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तिघा संस्थापकांपैकी दोघे ऱ्होड आयलंडच्या डिझाइन स्कूलमधले. २००८ मध्ये पैसे संपत आले तेव्हा त्यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाची नाश्त्याच्या सीरियलची खोकी स्वतः डिझाइन करून विकली आणि तग धरला. पहिल्या दिवसापासून डिझायनर घरातला असला की हे होतं. पटत नसेल तर खोडून काढा, त्यासाठीच धागा काढलाय.

जेजेचा_जुना

खोडतो. ते दोघं मालक होते. मालकाने रात्री खोकी चिकटवली तर त्याची गोष्ट होते, नोकराने चिकटवली तर ती फक्त जागरण असतं.

जाहिरातीत ३२ वर्षं काढली, त्यातून सांगतो. छोट्या कंपनीतला पहिला डिझायनर म्हणजे गावातला एकुलता एक इलेक्ट्रिशियन. लोगो तुमचा, गुंतवणूकदारांना दाखवायची डेक (सादरीकरण) तुमची, कृषी प्रदर्शनातला स्टँडी तुमचा, दिवाळीचं भेटकार्डही तुमचंच. अ‍ॅपच्या स्क्रीनला हात लागेपर्यंत संध्याकाळचे सात.

पण खरी अडचण कामाच्या ढिगाची नाही. तुमचं काम तपासणार कोण? पहिल्या दोन वर्षांत मी जे शिकलो ते आर्ट डायरेक्टरने माझे लेआउट शब्दशः टरकावले म्हणून. सहा जणांत तुमचा लेआउट कोण फाडणार? संस्थापक म्हणेल, "मस्त झालंय! लोगो जरा मोठा होईल का?"

शून्य_बॅलन्स

जुन्यांना +१. मी एका स्टार्टअपमध्ये नववा होतो. "आपण कुटुंब आहोत" हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकायचो. मग तीन महिने अर्धा पगार, नंतर एक ईमेल आणि खेळ खल्लास. पीएफ नव्हता, कारण तो कायद्याने वीस माणसं झाली की लागू होतो आणि आम्ही अठरावर अडकलो होतो. ईएसओपीचा कागद अजून कपाटात आहे. थकलेला पगार मागायला फोन केले तर कोणी उचलेना, लॅपटॉप न्यायला मात्र माणूस थेट घरी आला.

कोथरूडकर

@शून्य_बॅलन्स, वाईट झालं. पण मोठ्या कंपनीत जन्माची सोय असते हा समज कोणत्या सालचा? माझे दोन मित्र चार महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसले आणि मग 'स्वेच्छेने' राजीनामा देऊन बाहेर पडले. पीएफ होता हो त्यांना. शिवाय चार वर्षांत ज्या बाईने एकही वापरकर्ता पाहिला नाही, तिचं काय सुरक्षित आहे? पगार सुरक्षित आहे. हात गंजतोय.

शून्य_बॅलन्स

गंजलेल्या हाताने भाडं भरता येतं.

सीए_सातारकर

डिझाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण धाग्यात अर्धा टक्का आलाय आणि त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

समजा पुढे गुंतवणूकदारांनी १५ कोटी घातले आणि त्यांचा हिस्सा ६० टक्के झाला. कंपनी २० कोटींना विकली. ताई म्हणतील, अर्धा टक्का म्हणजे १० लाख. तसं नसतं. गुंतवणूकदारांचे शेअर बहुधा प्राधान्याचे असतात आणि 'आधी आमची मुद्दल' ही अट करारात असते. ६० टक्क्यांनी त्यांना १२ कोटी मिळतात, मुद्दल १५ कोटी आहे, म्हणजे ते १५ उचलणार. उरले ५ कोटी. उरलेल्या ४० टक्क्यांत ताईंचा अर्धा, म्हणजे सव्वा टक्का. सव्वासहा लाख. तेही गुंतवणुकीच्या मधल्या फेऱ्यांमध्ये नवे शेअर निघून अर्ध्याचा पाव झाला नाही तर. कंपनी १४ कोटींना गेली तर भोपळा.

करही पाहून ठेवा. ऑप्शन वापरून शेअर घेतले की त्या दिवशीची किंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक पगारात धरतात. शेअर विकलेले नसतात, हातात दमडी नसते, तरी कर लागतो. तो पुढे ढकलायची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पात आली, पण ती आंतर-मंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरती. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग खात्याची) नोंदणी पुरत नाही. आणि नोकरी सोडली की सवलत संपते.

आता दुसरी बाजू. १४ चे ९ म्हणजे वर्षाला ५ लाख, चार वर्षांत २० लाख. हे पैसे तुम्ही त्या कंपनीत गुंतवताय, फक्त पावती मिळत नाही. इतर गुंतवणूकदार पैसे देण्याआधी वह्या तपासतात. तुम्ही काय तपासलंत?

मात्रावेलांटी

काहीच नाही. ऑफिसातली कॉफी चांगली होती.

पण चेन्नईत सुरू झालेली सॉफ्टवेअर कंपनी फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली तेव्हा पाचशेहून जास्त कर्मचारी करोडपती झाल्याच्या बातम्या आल्याच होत्या ना?

सीए_सातारकर

आल्या होत्या, आणि खऱ्या होत्या. कंपनी २०१० ची. अकरा वर्षं. ताई, तुम्ही तिथे अकरा वर्षं राहणार आहात का?

निफाडचा_बागायतदार

एरवी इथे नुसता वाचत असतो, आज बोलावं लागतंय. जुने काका विचारतात लेआउट कोण फाडणार. मी फाडतो की.

माझ्या फोनमध्ये असली तीन अ‍ॅपं आहेत. पहिल्यात हिरव्यावर पांढरी बारीक अक्षरं. दुपारी बारा वाजता बागेत उभं राहून दिसतं का ते? दुसऱ्यात फवारणीला 'शिंपडा' लिहिलंय आणि नोंद जतन करायच्या बटणावर 'प्रस्तुत करा'. अहो, मी काय नाटक सादर करतोय? तिसऱ्यात अक्षरांची डोकीच उडालीत, 'ग्रॅम'चा 'ग्रम' दिसतो. औषधाचं माप आहे ते. शिवाय हाताला औषध लागलेलं असताना अकरा रकाने कोण भरतो? मी पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतो, तो रात्री वहीत उतरवतो.

डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या दिवसांत फवारणीला उसंत नसते. तारीख चुकली तर माल गेला. २०१० ला युरोपने सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून भारतातली द्राक्षं नाकारली होती, तेव्हा बंदरावर गेलेल्या मालाचं काय झालं ते आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. नोंदीची गरज आहे, पण बागेत पाय न ठेवलेल्या माणसाच्या स्क्रीनची नाही. या ताई आल्या तर चहा माझ्याकडे.

मात्रावेलांटी

'ग्रॅम'चं कारण मला माहीत आहे! ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने धरतात आणि वरचं सगळं कापलं जातं. मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, तरीही हे होतं, कारण ते मराठीत कोणी उघडूनच पाहत नाही. दादा, या एका स्क्रीनसाठी मी आत्ता निघायला तयार आहे.

जेजेचा_जुना

बागायतदारांना नमस्कार, झकास लिहिलंत. पण मुद्दा तिथेच आहे. काय चुकलं ते तुम्ही सांगाल. ते दुरुस्त कसं करायचं ते सांगणारा वेगळा लागतो. पेशंट 'दुखतंय' म्हणाला म्हणून शिकाऊ डॉक्टरला शस्त्रक्रिया येत नाही.

पहिली_डिझायनर

मी असल्या एका कंपनीत पहिली डिझायनर होते, अडीच वर्षं. जुन्यांनी लिहिलंय ते सगळं भोगलं, दिवाळीच्या कार्डासकट. तरी परत जाईन. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तासभर कोणी स्क्रीन पाहिलेच नाहीत. हा टप्पा का काढलास, लोक कुठे अडत होते, एवढंच विचारत होते, आणि मला सगळं सांगता येत होतं, कारण मी त्यांच्या शेजारी बसले होते. फॉर्मच्या कारखान्यात ती उत्तरं मिळत नाहीत.

मात्र संस्थापकावर सगळं आहे. मी आता मुलाखतीत एकच विचारते: "वापरणाऱ्यांशी बोलून तुम्ही अ‍ॅपमधून काय काढून टाकलंत?" काय वाढवलं ते सगळेच सांगतात. हा प्रश्न ऐकून जो छताकडे बघतो, त्याला डिझायनर रंगरंगोटीला हवा असतो.

आणि एक. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानुसार कंपनीचा, करारात वेगळं नसेल तर. पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी आधीच लिहून घ्या. मी घेतली नव्हती. माझं सगळ्यात चांगलं काम मला तोंडी वर्णन करून सांगावं लागतं.

शून्य_बॅलन्स

सगळं भारावून टाकणारं आहे. पगार मार्चपर्यंत पुरेल का, हे विचारलं का कोणी?

मात्रावेलांटी

विचारलं. काल दोन तास बसले त्यांच्याशी. इथे लिहिते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

पैसे चौदा महिन्यांचे आहेत. बँकेचं स्टेटमेंट न मागता दाखवलं, हे आवडलं. पीएफ नाही. ईएसओपीची योजना भागधारकांच्या ठरावाने मंजूर व्हायला लागते, ती अजून झालेली नाही. म्हणजे ऑफरमधला अर्धा टक्का सध्या फक्त शब्द आहे. सीएकाका, तुमच्यामुळे कळलं. तेव्हा मी म्हटलं, तो अर्धा टक्का मी शून्य धरते, पगाराचं बोला. ९ चे साडेदहा झाले. पोर्टफोलिओचं कलम ऑफर लेटरमध्ये घालतो म्हणाले.

काय काढून टाकलं या प्रश्नावर संस्थापक छताकडे बघितला नाही. हवामानाचा अख्खा भाग काढलाय, कारण शेतकरी ते दुसरीकडे बघतात. अकरा रकान्यांचं सांगितलं तर गप्प झाला. त्यांच्या अ‍ॅपमध्ये नऊ आहेत.

जुन्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी डिझायनरकडून काम तपासून घ्यायला पैसे द्याल का, असं विचारलं. "पाहू" म्हणाले.

सीए_सातारकर

'पाहू' ऑफर लेटरमध्ये कुठल्या कलमात येतं?

मात्रावेलांटी

माहीत आहे, काका. सही अजून केलेली नाही. शुक्रवारी निफाडला जातेय, संस्थापकालाही बरोबर घेतलंय. दादा, चहा दोन कप.

निफाडचा_बागायतदार

दुपारी बाराला या. सकाळी आलात तर स्क्रीन दिसेल.