‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा नव्हे! (विमान-इंजिनाच्या ऑइलचे शब्द)

अनुवादवाली :
वैमानिक व्हायला आलेल्या मुलांसाठी छोट्या पिस्टन इंजिनांच्या ऑइलवर चार पानांचं टिपण मराठीत करून देते आहे. विमानं सेसना १५२ आणि १७२, इंजिनं लायकमिंगची. मजकूर कळतो, पण काही शब्दांपाशी घोडं अडलंय. एक जुना कच्चा अनुवाद हाती आला. त्यात ‘ॲशलेस डिस्पर्संट’ला ‘राख न होणारे अपमार्जक’, ‘स्ट्रेट मिनरल’ला ‘सरळ खनिज तेल’ आणि ‘डब्ल्यू१००’ला चक्क ‘हिवाळी १००’ असं ठोकून दिलंय. सरळ तेल वाचल्यापासून मी वाकडं तेल कसं दिसत असेल याचा विचार करते आहे. शिवाय व्हिस्कॉसिटीला श्यानता म्हणू की विष्यंदिता? आणि मुळात तेल, ऑइल की वंगण?

कोशातला किडा :
शेवटच्या प्रश्नापासून धरतो. ‘वंगण’ अस्सल घरचा शब्द. जुन्या मराठीत ‘ओंगण’, आणि क्रियापद ‘ओंगणे’, म्हणजे गाडीच्या आखाला तेल-चरबी चोपडणे. हिंदीतलं ‘औंगना’ त्याच कुळातलं दिसतं. बैलगाडीखाली काळ्याकुट्ट वंगणाचं बांबूचं नळकांडं लटकलेलं असायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिंदीने पुढे कारखान्यासाठी ‘स्नेहक’ घडवला. आपण नळकांडंच ठेवलं, बरं केलं.

पण वंगणात ग्रीसही आलं आणि पातळ ऑइलही. म्हणून मथळ्यात वंगण आणि मजकुरात ऑइल लिहावं. ‘इंजिनात तेल घाला’ म्हटलं की मला फोडणीचा वास येतो. रॉकेल आणि घासलेट पचवलेल्या भाषेला ऑइलचं काय कौतुक?

आता श्यानता. संस्कृतात ‘श्यान’ म्हणजे थिजलेलं, दाट झालेलं. ‘विष्यंद’ म्हणजे पाझरणं, ठिबकणं. ‘स्यंद्’ हा वाहण्याचा धातू. म्हणजे वाहायला होणाऱ्या अडथळ्याला आपण वाहण्यावरूनच नाव दिलंय. पाठ्यपुस्तकात शिकलेल्यांना विष्यंदिता सवयीची असेल, पण अर्थाने श्यानता सरस. विद्यार्थ्यांसाठी एकदा श्यानता लिहून पुढे ‘दाटपणा’वर या. फक्त दाटपणा म्हणजे घनता नव्हे, हे एका ओळीत सांगा. ऑइल पाण्यापेक्षा दाट असतं, तरी पाण्यावर तरंगतं.

हँगरवाले काका :
ताई, आधी ते ‘हिवाळी १००’ खोडा, बाकीचं निवांत बघू.

मोटारीच्या डब्यावर १५डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं, तिथला डब्ल्यू हिवाळ्याचा. थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते त्याच्या आधीचा आकडा सांगतो. विमानाच्या डब्यावर डब्ल्यू१०० असतं, तिथला डब्ल्यू ऋतूचा नाहीच. ते ऑइल ॲशलेस डिस्पर्संट, म्हणजे राख न ठेवणारं आणि मळ साचू न देणारं, आहे एवढंच तो सांगतो. नुसतं १०० लिहिलेलं असेल तर ते साधं खनिज, म्हणजे पूरक रसायन नसलेलं. गंमत म्हणजे एरोशेल या ब्रँडचं एक मल्टिग्रेड (थंडीत आणि उष्णतेत दोन्हीकडे चालणारं) ऑइल ‘डब्ल्यू १५डब्ल्यू-५०’ या नावाने मिळतं. एकाच नावात दोन डब्ल्यू: पहिला डिस्पर्संटचा, दुसरा थंडीचा. अनुवाद करणाऱ्याने इथे हात जोडावेत आणि अक्षर जसंच्या तसं ठेवावं.

आकड्यातही फसगत आहे. विमानाचं १०० म्हणजे मोटारीच्या भाषेत एसएई ५० (एसएई हे ऑइलच्या दाटपणाचे क्रमांक). ८० म्हणजे ४०, १२० म्हणजे ६०. निम्मं करा असं पोरांना सांगून मोकळे होऊ नका, कारण ६५ म्हणजे ३०. हे आकडे आले सेबोल्ट सेकंदांवरून. २१० अंश फॅरनहाइटला तापवलेलं ६० मिलिलिटर ऑइल ठरावीक भोकातून गळायला साधारण किती सेकंद लागतात, ती ही संख्या. म्हणजे शंभर नंबरी सोन्यासारखं हे ‘अस्सल’पणाचं माप नाही. आमच्याकडे एक जण १०० नंबर हे ८० पेक्षा भारी म्हणून मागायचा!

आता ‘अपमार्जक’. हा शब्द नुसता चुकीचा नाही, घातक आहे. अपमार्जक म्हणजे डिटर्जंट, आणि नेमकं तेच विमानाच्या ऑइलमध्ये नको असतं. मोटारीच्या ऑइलमध्ये सफाईसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनांत पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोठी ठेवलेली असते, त्यामुळे थोडं ऑइल वर जाऊन जळतंच. इंजिन ऑइल खातं म्हणतात ते हेच. ते क्षारवालं ऑइल जळलं की मागे धातूची राख उरते. ती पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते, निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. मग पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

एकदा एक शिकाऊ पोरगा काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) झाकण उघडून, मोटारीच्या ऑइलचा डबा तिरका धरून उभा होता. मी ओरडलो तसा दचकून म्हणाला, “काका, यातही डिटर्जंटच आहे ना, पुस्तकात तेच लिहिलंय.” पुस्तकात खरंच तेच लिहिलं होतं. म्हणून सांगतो, हा शब्द बदला.

डिस्पर्संट मळ धूत नाही, तो मळाला एकत्र गोळा होऊ देत नाही. ताकात कालवलेलं बेसन ढवळत राहिलं तर बुडाशी बसत नाही, तसंच. विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. त्याचे कण आणि काजळी ऑइलमध्ये तरंगत राहते आणि ऑइल बदललं की त्याच्याबरोबर बाहेर जाते. म्हणून ऑइल काळं पडलं की नवखे घाबरतात, मी घाबरत नाही. तासांचा हिशेब तेवढा पाळा: पूर्ण फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५, आणि उड्डाणं कमी झाली तरी चार महिन्यांवर जाऊ नका.

अनुवादवाली :
काका, अंगावर काटा आला. ‘बिनराखेचं विखुरक ऑइल’ असं लिहिलं तर? ‘निर्भस्म’ही सुचलं होतं, पण त्याने एकदम आयुर्वेदाच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं. आणि ‘सरळ’ तेलाचं काय करू?

हँगरवाले काका :
बिनराखेचं छान. पण पहिल्यांदा ‘ॲशलेस डिस्पर्संट’ देवनागरीत लिहाच. डब्यावर आणि लॉगबुकात पोरांना तेच दिसणार आहे.

सरळच्या जागी आम्ही ‘साधं’ म्हणतो. नव्या किंवा ओव्हरहॉल झालेल्या इंजिनात आधी साधं घालतात, पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत. म्हणजे साधारण ५० तास, किंवा ऑइल खाण्याचं प्रमाण स्थिर होईपर्यंत. काही टर्बो इंजिनांना मात्र पहिल्या दिवसापासून बिनराखेचंच लागतं. तिथे कारखान्याचा कागद बघायचा, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना विचारायचं नाही.

कोशातला किडा :
‘कोरं ऑइल’ कसं वाटतं? कोऱ्या चहात दूध नाही, तसं यात पूरक रसायन नाही.

हँगरवाले काका :
कल्पना झकास, पण हँगरमध्ये कोरं म्हणजे सील न फोडलेला डबा. “कोरं आण” म्हटलं की पोरगा कुठलाही नवा डबा घेऊन येईल. साधंच ठेवा.

अनुवादवाली :
ठीक, साधं. मल्टिग्रेड तसंच ठेवते. हवामानाचा परिच्छेद कसा लिहू? तक्ता फॅरनहाइटमध्ये आहे.

हँगरवाले काका :
सेल्सियसमध्ये करा. लायकमिंगच्या तक्त्यात हवा १५ अंशांच्या वर असेल तर साधं एसएई ५०, बिनराखेचं ४० किंवा ५०. साधारण २७ च्या वर ६० सुद्धा दिलेलं आहे. आपल्याकडे १०० नंबर बारा महिने चालून जातो.

उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यावर जास्त लिहा. या इंजिनांचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान महिनाभर उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून खाली येतं आणि दमट हवेत कॅमवर गंज धरतो. पुढे तो कॅमला टेकलेला टॅपेटही खातो. यावर काही जण आठवड्यातून दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवतात. तुमच्या मसुद्यात त्याला ‘इंजिनाचा व्यायाम’ म्हटलं असेल तर काढून टाका. त्याने ऑइल पुरेसं तापत नाही, उलट जळणातून तयार झालेलं पाणी आत साठतं. ते उडून जायचं तर ऑइल ८० अंशांच्या आसपास तापलं पाहिजे, आणि त्याला उड्डाणच लागतं.

शब्दवेडा :
उशिरा आलो, पण एरंडेलाशिवाय ही चर्चा मिटू देणार नाही! पहिल्या महायुद्धातल्या नोम आणि ल रोन या रोटरी इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच असे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. त्या इंजिनांचे सिलिंडरच गरगर फिरायचे आणि न जळलेलं एरंडेल मागे वैमानिकाच्या तोंडावर उडायचं. पोटात जाऊन ते आपलं नेहमीचं काम करायचं. आपल्याकडे ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ म्हणतात, त्या बिचाऱ्यांचं ते शब्दशः असे. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरूनच आलंय.

अनुवादवाली :
हे चौकटीत टाकते. शेवटचा प्रश्न: सेसना १५२ च्या संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइल-टाकीत) सहा क्वार्ट मावतात, चारपेक्षा कमी असतील तर उडायचं नाही. क्वार्टचं लिटर करू?

हँगरवाले काका :
नका करू, ऑइल मोजायच्या पट्टीवर खुणा क्वार्टच्याच आहेत. कंसात एकदा ‘सुमारे ९५० मिलिलिटर’ लिहा. आणि प्रूफ स्वतः तपासा. मागच्या वेळी ‘उड्डाणापूर्वी किमान चार क्वार्टर’ छापून आलं होतं, आणि तो कागद पोरांनी वर्षभर भिंतीवरून काढू दिला नाही.