अण्णांची बायपास झालीय, मग फुफ्फुसाचं ऑपरेशन करायचंच नाही का?

हळदवाला_सांगली
वडील ६९ वर्षांचे. २०१५ साली बायपास. खोकला हटेना म्हणून एक्सरे काढला, तर डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग. आधी सगळे टीबीच म्हणत होते. बायोप्सी आणि पेट स्कॅननंतर कळलं, १.८ सेंमीची कॅन्सरची गाठ, कुठे पसरलेली नाही. मिरजेतले सर्जन म्हणतात, काढू या. घरात बहुमत मात्र "एकदा छाती उघडलीय, परत कात्री नको, लाईट (रेडिएशन) द्या" असं. माझ्या मते बायपास हे ऑपरेशन टाळायचं कारण होऊच शकत नाही. हृदय आज कसं चालतंय ते बघा ना! अण्णा अजून वखारीचा जिना दिवसातून चारदा चढतात. विरोधात असाल तर कारण लिहा, नुसतं "काळजी घ्या" नको.

कृष्णाकाठ
मी विरोधात. आमच्या चुलत्यांचं असंच होतं. गाठ निघाली, सर्जनचा हात उत्तम, पण तिसऱ्या दिवशी ठोके बिघडले आणि अकरा दिवस आयसीयू. घरी आले ते निम्मेच आले. नेमक्या जागी मारायच्या लाईटच्या तीन ते पाच बैठका असतात, भूल नाही, टाके नाहीत. मग हा हट्ट कशाला?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
हळदवाले, "डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात" हे तुम्ही भरभर लिहून गेलात. सगळी गोम तिथंच आहे. बायपासमध्ये बहुधा छातीच्या भिंतीला आतून असलेली डावी रक्तवाहिनी सोडवून हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडतात. आम्ही तिला लिमा म्हणतो. ती जाते फुफ्फुसाच्या याच भागाला घासून, आणि काही वर्षांत फुफ्फुस तिला चिकटून बसतं. सोडवताना तिला धक्का लागला तर हृदयाच्या पुढच्या भिंतीचं रक्त टेबलावरच तुटायचं. जाणता सर्जन तिथं ओढाताण करत नाही, फुफ्फुसाची पातळ चकती तिच्यावर तशीच ठेवून पुढं जातो. पण गाठच तिला लागून असेल तर ती सोय नाही. म्हणून आधी सीटी अँजिओ, म्हणजे औषध टोचून रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन. पायातून काढून लावलेल्या शिरा इतक्या वर्षांनी उघड्या आहेत का, तेही त्यातच दिसेल. गाठ उजवीकडे असती तर ही चर्चा निम्म्यावर आली असती.

रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं बंद करू नका. ॲस्पिरिन बहुतेकदा चालूच ठेवतात, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात.

आणि जिना. न थांबता २२ मीटर उंची चढता आली तर आम्ही निश्चिंत असतो. वखारीचा केवढा आहे?

हळदवाला_सांगली
एक मजला. १९ पायऱ्या.

साताऱ्याची_ताई
@कृष्णाकाठ, लाईटमध्ये आजूबाजूच्या लसिका गाठी (लिम्फ नोड, कॅन्सर आधी तिथं पसरू शकतो) कुणी काढून बघत नाही. पेट स्कॅनला न दिसलेला कॅन्सर तिथं सापडला तर पुढचे उपचारच बदलतात. शिवाय अख्खा लोब (फुफ्फुसाचा एक मोठा खंड) काढायची सक्ती राहिलेली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत २ सेंमीपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या कडेकडेच्या गाठी होत्या. नुसता तेवढा तुकडा काढलेल्यांपैकी ५ वर्षांनी ९४.३ टक्के जिवंत होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के.

कृष्णाकाठ
ताई, त्या चाचणीत घेतलेली माणसं अख्खा लोब काढणं सोसेल अशीच होती. एकच मजला चढणाऱ्या हळदवाल्यांच्या अण्णांना ते आकडे कसे लावायचे?

साताऱ्याची_ताई
हे मान्य. पण लाईटही अगदी निरुपद्रवी नाही हो. नंतर फुफ्फुसाला सूज येऊन धाप लागलेली माणसं मी घरातच पाहिलीत.

हळदवाला_सांगली
काल अण्णांना दवाखान्याच्या जिन्यावर चढवलं. चौथ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले, बोलवेना. त्यामुळं आता हृदय-फुफ्फुसाची ताकद मोजायला मास्क लावून सायकल चालवायची टेस्टही सांगितलीय. सोमवारी सीटी अँजिओ. "कारण होऊच शकत नाही" हे माझं वाक्य मागं घेतो. लिमा गाठीपासून लांब निघाली तर मात्र ऑपरेशनसाठी घरात परत भांडणार.

अण्णांनी हा धागा वाचला. म्हणाले, वखारीच्या पायऱ्या २१ आहेत, १९ कुणी सांगितल्या?