'मशीन लावते' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

काकू (बी-३०२): नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणाला व्हॅलेन्सियाला जायचंय, म्हणून रोज थोडं स्पॅनिश शिकतेय. आज 'माकिना' शब्द आला. अर्थ यंत्र. मी लेकीला फोनवर म्हटलं, "मी माकिना लावते," म्हणजे धुणं टाकते. ती म्हणाली, आई, इथे शेजारणीला हे कळायचं नाही. का गं? ग्रुपवर कुणाला येतं का स्पॅनिश?

ताई (सी-४०४): काकू, मी शिकवते. आपल्याकडे नुसतं 'मशीन' म्हटलं की घरात धुण्याचं आणि शिंप्याकडे शिवणाचं, आपोआप कळतं. तिथे बहुतेक वेळा 'दे' जोडून काम सांगतात. माकिना दे कोसेर म्हणजे शिवणयंत्र, माकिना दे एस्क्रिबिर म्हणजे टाइपरायटर. धुण्याच्या मशीनला मात्र स्वतःचं नाव आहे, लावादोरा. लावार म्हणजे धुणं, त्यावरून.
पण तुमचं 'लावते' अगदी बरोबर! 'पोनेर उना लावादोरा' असंच म्हणतात. पोनेर म्हणजे ठेवणं, लावणं. टीव्ही लावायलाही पोनेरच. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं, आपल्याला ते घरचंच आहे.

काका (ए-१०१): बोटीवर इंजिनिअर होतो तेव्हा हा शब्द रोज कानावर पडायचा. साला दे माकिनास म्हणजे इंजिन रूम. 'आ तोदा माकिना' म्हणजे पूर्ण वेगाने. आणि हवानात जुन्या अमेरिकन मोटारी शेअर टॅक्सी म्हणून चालतात ना, त्यांनाही लोक माकिनाच म्हणतात. पहिल्यांदा मी रस्त्यात इंजिन शोधत होतो!

काकू (बी-३०२): किती छान! उच्चार कसा करू?

ताई (सी-४०४): जोर 'मा'वर. लिहिताना त्या आ-वर तिरपी रेघ हवीच. रेघ गेली आणि जोर 'कि'वर आला की ते क्रियापद होतं, '(तो) कट रचतो'. शब्द स्त्रीलिंगी, ला माकिना. आपलं 'मशीन' हिचीच बहीण बरं का. लॅटिन 'माखिना'तून एक वाट स्पॅनिशमध्ये गेली, दुसरी फ्रेंच-इंग्रजीतून आपल्याकडे आली.

दादा (डी-५०२): मेक्सिकोच्या सीमेवरच्या कारखान्यांना माकिलादोरा म्हणतात, तेही यातलंच ना?

ताई (सी-४०४): वाटतं तसं, पण नाही. तो 'माकिला'वरून, आणि माकिला अरबीतून आलेला. गिरणीवाला दळून द्यायच्या बदल्यात जे धान्य ठेवून घ्यायचा ते. दुसऱ्याचा माल घेऊन काम करून परत द्यायचं, म्हणून कारखान्यांना ते नाव. मला हा शब्द फार आवडतो.

काकू (बी-३०२): "ओय पोंगो उना लावादोरा." आज मी मशीन लावते. बरोबर?

ताई (सी-४०४): शंभर टक्के! एरेस उना माकिना, काकू. स्पेनमध्ये एखाद्याने कमाल केली की असं म्हणतात.

काकू (बी-३०२): लेकीला आत्ताच रेकॉर्ड करून पाठवलं. आता इस्त्रीला काय म्हणतात ते सांग, बाळाचे कपडे मीच करणार आहे.

ताई (सी-४०४): ला प्लांचा. उद्या सकाळी या ना घरी, चहा घेता घेता स्वयंपाकघरातले सगळे शब्द करून टाकू.