‘द बुचर बॉय’: फ्रान्सी खुनी झाला, की त्याला केलं?

अनघा_के: पॅट्रिक मॅकेबची ही १९९२ची कादंबरी पुन्हा वाचली. गोष्ट सांगणारा फ्रान्सी आपण मिसेस न्यूजंटचं काहीतरी वाईट केल्याचं पहिल्याच वाक्यात सुचवतो, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आयर्लंडमधलं छोटं गाव, क्यूबा संकटाचे, म्हणजे अमेरिका-रशिया अणुयुद्धाच्या भीतीचे दिवस. फ्रान्सीचा बाप दारुडा, आई मनाने खचलेली. शेजारीण मिसेस न्यूजंट या घराला ‘डुकरं’ म्हणते, आणि ते फ्रान्सीच्या डोक्यातून जात नाही. पुढे आई तळ्यात जीव देते, पाद्र्यांच्या सुधारगृहात एक फादर त्याचा लैंगिक छळ करतो, जिवलग मित्र ज्यो पाठ फिरवतो. शेवटी तो मिसेस न्यूजंटचा खून करतो. माझ्या मते हा खून गावाने घडवला.

रानवारा: साफ नामंजूर. मिसेस न्यूजंट चिडली ती तिच्या मुलाची, फिलिपची कॉमिक्स फ्रान्सी आणि ज्योने लाटली म्हणून. तिने अपमान केला, वाईटच केलं. त्यासाठी जनावरं मारायच्या पिस्तुलाने जीव घ्यायचा? सगळी गोष्ट फ्रान्सीच्या तोंडून येते, तिची बाजू मांडायला कुणी नाही. आईविना राहिलेल्या फिलिपसाठी आपल्यापैकी किती जणांना वाईट वाटलं? अशा सुधारगृहांत हजारो पोरं राहिली, ती खुनी नाही झाली.

अनघा_के: नाही झाली, मान्य. पण त्यांचे किती हाल झाले ते आयर्लंडमधल्या अशा संस्थांतल्या मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या २००९च्या रायन अहवालात आहे. फ्रान्सीचा बापही अनाथाश्रमात वाढलेला, म्हणजे हे एका पिढीचं नाही. मी खून माफ करत नाहीये. तो टळू शकला असता, एवढंच म्हणतेय, आणि त्याचाच मला संताप येतो.

माधव_वाचतो: अवतरणचिन्हं नाहीत, वाक्यं एकमेकांत घुसतात, सुरुवातीला दमछाक होते. नंतर मात्र पोराचा आवाज सोडवत नाही. रानवारा, बाप खुर्चीत मरून पडलाय आणि पोरगा त्याच्याशी बोलत तिथेच राहतो. कितीतरी दिवस कुणाला पत्ता नाही. मारिया माता प्रकटणार म्हणून गाव सजवायला मात्र सगळ्यांना वेळ आहे! याला काय म्हणायचं?

रानवारा: गाव निष्ठुर आहे, वाद नाही. पण त्याच घरात फ्रान्सीची आईही पिचली, आणि तिने दुसऱ्या कुणाचा जीव घेतला नाही. गावावर सगळं ढकललं, की फ्रान्सीने त्या दारापर्यंत चालत जाऊन स्वतः जे केलं त्याला काही अर्थच उरत नाही.

अनघा_के: आईने स्वतःचा जीव घेतला, रानवारा. तो तुम्ही मोजलाच नाहीत.